महागड्या फोटो एडिटरला रजा देताना: फुकट आणि स्वस्त पर्याय कसे निवडायचे, कसे वापरायचे

सॉफ्टवेअर शोधायला बसण्याआधी गेल्या तीन महिन्यांत ज्या फायलींवर काम केलं त्यांचं फोल्डर उघडा आणि प्रत्येक फायलीवर नेमकं काय केलं ते कागदावर उतरवा. फोटो कापला, आकार कमी केला, उजेड वाढवला, पार्श्वभूमी काढली, डाग पुसला, मजकूर टाकला, छपाईची फाइल बनवली. बहुतेकांची यादी सहा-सात कामांत संपते. ॲडोबी कंपनीच्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली आणि तेव्हापासून छायाचित्रकार, चित्रकार, जाहिरातवाले, छपाईवाले अशा सगळ्यांच्या गरजा त्यात एकावर एक चढत गेल्या. त्यामुळे ‘हे सगळं करणारं पण फुकटचं’ काही शोधणारा माणूस हमखास वैतागतो. आपल्याला लागतो त्यातला एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यापुरतं चांगलं अवजार फुकट मिळतं. कधी दोन अवजारं मिळून ते काम भागतं.

यादीतल्या प्रत्येक कामापुढे आणखी दोन गोष्टी लिहा: फाइल येते कुठून आणि जाते कुठे. समोरचा माणूस पीएसडी (एकावर एक थर, म्हणजे लेयर, जपणारी फोटोशॉपची फाइल) पाठवतो आणि पीएसडीच परत मागतो, की तुमच्याकडून फक्त तयार जेपीजी जाते? पर्याय कोणता चालेल हे बहुतेक वेळा या एकाच उत्तरावर ठरतं.

कोणत्या कामाला काय

गिंप हे सर्वसाधारण कामाचं मुख्य अवजार. १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) प्रकल्प आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली आणि एक जुनी तक्रार बरीचशी मिटली. आता फिल्टर लावल्यावरही तो मागाहून बदलता येतो, मूळ चित्राला धक्का लागत नाही. २.१० आवृत्ती वापरून ‘गिंप जमलं नाही’ म्हणून सोडून दिलं असेल तर नव्या आवृत्तीला पुन्हा एक संधी द्यायला हरकत नाही.

फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, काहीही बसवावं लागत नाही. इव्हान कुत्स्कीर या एका माणसाने उभं केलेलं हे काम पाहून थक्क व्हायला होतं. मेनू आणि शॉर्टकट जवळपास फोटोशॉपचेच असल्याने हाताची सवय मोडावी लागत नाही. पीएसडीतल्या लेयर स्टाइल, ॲडजस्टमेंट लेयर आणि स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ रूप जपून आत बसवलेलं चित्र) फुकट पर्यायांमध्ये सर्वांत नीट इथेच उघडतात. फाइल तुमच्याच संगणकावर उघडते, सर्व्हरवर चढवली जात नाही. बाजूला जाहिरातींची पट्टी दिसते. पैसे भरले की जाते. धोका एकच: टॅब चुकून बंद झाला तर न साठवलेलं काम गेलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पीएसडी म्हणून साठवत राहा.

ॲफिनिटी पूर्वी एकरकमी विकत मिळायचं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फोटो, व्हेक्टर (रेषा आणि आकारांचं काम) आणि पानमांडणी एकाच ॲपमध्ये फुकट दिली. कॅनव्हाचं मोफत खातं उघडावं लागतं आणि एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांसाठीच आहेत. विंडोज किंवा मॅक असेल आणि रोज व्यावसायिक काम असेल तर आमच्या मते पहिली चाचणी याचीच घ्यावी. मात्र हा मुक्तस्रोत प्रकल्प नव्हे, कंपनीचं धोरण उद्या बदलू शकतं. म्हणून महत्त्वाच्या फायलींची पीएसडी किंवा टिफ प्रत सोबत ठेवा.

क्रिटा मुळात चित्रकारांसाठी आहे. ब्रश उत्तम, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) थेट काम करता येतं, मजकुराचं साधन मात्र लंगडं. अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहे. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे घेतात ते प्रकल्पाला हातभार म्हणून. तेच सॉफ्टवेअर, वेगळं काही नाही.

पेंट डॉट नेट फक्त विंडोजवर चालतं, हलकं आहे, जुन्या संगणकावरही पळतं. पण एकदा टाकलेला मजकूर नंतर बदलता येत नाही आणि पीएसडी उघडायला प्लगइन (वेगळं जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. लोगो आणि रेषाकामाला इंकस्केप. कॅमेऱ्याच्या रॉ फायलींना (जेपीजी होण्याआधीच्या कच्च्या फायलींना) डार्कटेबल किंवा रॉथेरपी. मोबाइलवर स्नॅपसीड: जाहिराती नाहीत, डाग पुसण्याचं आणि चित्राच्या ठरावीक भागाचाच उजेड बदलण्याचं साधन चांगलं.

पैसे द्यायची तयारी असेल तर मॅकवर पिक्सेलमेटर प्रो एकरकमी मिळतं. फोटोशॉप एलिमेंट्सला मासिक वर्गणी नाही, पण २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांचाच असतो. ‘एकदा घेतलं की कायमचं’ अशा समजुतीने घेऊ नका.

‘फुकट’चेही प्रकार असतात. गिंप, क्रिटा, इंकस्केप, डार्कटेबल यांचा परवाना मुक्त आहे: घरी वापरा, धंद्यासाठी वापरा, कुणी विचारणार नाही. इरफानव्ह्यू आणि एक्सएनव्ह्यू एमपी ही फोटो बघण्याची सॉफ्टवेअरं घरगुती वापराला फुकट आहेत, कार्यालयात मात्र परवाना घ्यावा लागतो. फोटोशॉप सीएस२ ‘कंपनीनेच फुकट केलंय’ अशी एक समजूत २०१३ पासून फिरते आहे. त्या वर्षी जुन्या आवृत्तीचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाले, म्हणून ज्यांनी ती आवृत्ती आधी विकत घेतली होती त्यांच्यासाठी डाउनलोड ठेवलं होतं. इतरांसाठी ते फुकट नव्हतं.

डाउनलोड करताना शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. २०२२ मध्ये गिंपच्या नावाने अशीच जाहिरात देऊन हुबेहूब खोट्या संकेतस्थळावरून पासवर्ड चोरणारा मालवेअर वाटला गेला होता. पत्ता स्वतः टाइप करा किंवा संगणकाच्या अधिकृत स्टोअरमधून घ्या. क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल वेगळं सांगायला नको, तिथे हा धोका पदरात पडतोच.

तीन फायलींची कसोटी

निवड करण्यासाठी परीक्षणं वाचत बसू नका. स्वतःच्या तीन फायली घ्या: सर्वांत जास्त लेयर असलेली एक पीएसडी, केस किंवा पानं असलेला कडा काढायला कठीण फोटो, आणि गेल्या आठवड्यात केलेलं अगदी साधं काम. पहिली फाइल उघडून मजकूर मजकूरच राहिला आहे का, मास्क (लेयरचा काही भाग लपवणारे पडदे) जागेवर आहेत का, सावल्या दिसतात का ते बघा. गिंपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट सपाट चित्र होऊन येतो आणि लेयर स्टाइल सगळ्या येतीलच असं नाही. दुसऱ्या फायलीवर पार्श्वभूमी काढून बघा. तिसरं काम घड्याळ लावून करा. पहिल्या दिवशी दुप्पट वेळ लागला तर काळजी नको. दोन आठवड्यांनीही दुप्पटच लागत असेल तर ते अवजार तुमच्या हाताचं नाही.

जनरेटिव्ह फिल, म्हणजे वाक्य लिहून चित्रात नवी वस्तू भरण्याचं काम, यात फुकट पर्याय मागे आहेत. क्रिटाला एआय डिफ्यूजनचं प्लगइन जोडता येतं, पण ते आपल्याच संगणकावर चालवायचं तर ६ जीबी किंवा अधिक मेमरीचं ग्राफिक्स कार्ड हवं. हे काम रोजचं असेल तर फोटोशॉपची वर्गणी चालू ठेवणंच शहाणपणाचं.

गिंप: पहिल्या तासाची मांडामांड

आता सर्वांत जास्त लोक जिथे अडतात तिथे जरा थांबू.

बसवल्यावर एडिट मेनूतून प्रेफरन्सेस उघडा. इंटरफेसमध्ये भाषा इंग्रजी ठेवलेली बरी, कारण मदतीचे बहुतेक लेख आणि व्हिडिओ इंग्रजी मेनूवरच आहेत. तिथेच टूलबॉक्समध्ये ‘यूज टूल ग्रुप्स’ची खूण काढा, एकाखाली एक दडलेली साधनं सगळी समोर येतात. मग सिस्टिम रिसोर्सेसमध्ये टाइल कॅश साइझ (गिंपला वापरू दिलेली मेमरी) रॅमच्या साधारण निम्मी करा. हिशेब असा: ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो, चार चॅनल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता), ८ बिट (रंगाची बारकाई), म्हणजे एका लेयरला ९६ एमबी. १६ बिटला १९२, ३२ बिटला ३८४. दहा लेयरची फाइल ३२ बिटमध्ये उघडली की ४ जीबी रॅमचा संगणक गुडघे टेकणारच. वेबसाठीचं काम असेल तर इमेज > प्रिसिजन > ८ बिट पुरेसं आहे. उजेड फार ओढायचा असेल तरच १६.

आता पार्श्वभूमी काढण्याचं काम क्रमाने:

१. फोटो उघडा. लेयर > ट्रान्सपरन्सी > ॲड अल्फा चॅनल. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते. ही पायरी चुकली तर खोडरबर पारदर्शक करण्याऐवजी रंग फासत बसतो.

२. वस्तूच्या कडा स्पष्ट असतील (बाटली, डबा, पुस्तक) तर पाथ्स साधन घ्या, शॉर्टकट बी. कडेकडेने बिंदू टाका, वळणावर बिंदू ओढून रेषा वाकवा, शेवटचा बिंदू पहिल्याला जोडा आणि एंटर दाबा. निवड तयार होते. केस किंवा पिसं असतील तर फोरग्राउंड सिलेक्ट घ्या: बाहेरून ढोबळ रेघ, एंटर, मग वस्तूवर ब्रश फिरवा, पूर्वदृश्य पाहा, पुन्हा एंटर. मोठ्या फोटोवर हे साधन मंद चालतं. हँग झालं असं वाटलं तरी थोडं थांबा.

३. सिलेक्ट > श्रिंक, १ पिक्सेल. मग सिलेक्ट > फेदर, १ ते २ पिक्सेल. कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे कापलेल्या वस्तूभोवती पांढरी किंवा हिरवी किनार दिसते. एक पिक्सेल आत सरकलं की ती बहुतांशी जाते.

४. लेयर > मास्क > ॲड लेयर मास्क, त्यात ‘सिलेक्शन’ निवडा. डिलीट दाबून काही खोडू नका. मास्कवर काळा ब्रश लपवतो, पांढरा परत आणतो, म्हणून चूक कधीही दुरुस्त होते.

५. खाली पांढरा लेयर टाका आणि कडा १०० टक्के आकारात तपासा. मग काही वेळ गडद लेयर टाकून पुन्हा बघा. पांढऱ्यावर न दिसलेली घाण तिथे दिसते.

पांढऱ्या कागदावरची सही किंवा एकरंगी लोगो असेल तर एवढा खटाटोप नको. कलर्स > कलर टू अल्फा घ्या, पांढरा रंग निवडा, झालं.

नव्या माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘सेव्ह केलं पण जेपीजी झाली नाही’: गिंपमध्ये सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ ही स्वतःची फाइल. जेपीजी-पीएनजीसाठी फाइल > एक्सपोर्ट ॲज, म्हणजे कंट्रोल + शिफ्ट + ई. दोन्ही करा, एक्ससीएफ ठेवली नाही तर उद्या लेयर मिळणार नाहीत. ‘ब्रश उमटतच नाही’: चित्रात कुठेतरी लहानशी निवड उरलेली असते, कंट्रोल + शिफ्ट + ए दाबा. तरी नाही उमटला तर लेयरचं चित्र निवडलंय की मास्कचं, ते लेयरच्या यादीत बघा. ‘एका हद्दीपुढे रंग जात नाही’: लेयर कॅनव्हासपेक्षा लहान आहे, लेयर > लेयर टू इमेज साइझ करा. ‘लाल निवडला तरी करडाच येतो’: जीआयएफ किंवा कृष्णधवल फाइल उघडली आहे, इमेज > मोड > आरजीबी. नव्वद टक्के अडचणी या चारांतच निघतात, आणि गिंपला शिव्याही बहुतेक यांच्यामुळेच बसतात.

प्लगइनबद्दल एक सूचना. २.१० साठीची जुनी पायथन प्लगइन ३.० मध्ये चालत नाहीत, त्यामुळे व्हिडिओत सांगितलेलं जुनं प्लगइन टाकण्याआधी ते ३.० साठी आहे का पाहा. जी’मिक हे ५०० हून अधिक फिल्टरांचं प्लगइन आणि आजूबाजूचं पाहून डागाची जागा भरणारं रीसिंथेसायझर, ही दोन घेतलीत तरी पुष्कळ झालं.

आकार, वजन आणि रंग

अर्जासाठी ‘३५ × ४५ मिमी, ३०० डीपीआय’ (इंचाला ३०० ठिपके) फोटो मागितला तर ४१३ × ५३१ पिक्सेल. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८. आधी क्रॉप साधनात ३५:४५ हे प्रमाण पक्कं करून कापा, मग इमेज > स्केल इमेजमध्ये पिक्सेल भरा. उलट क्रमाने केलं तर चेहरा ताणला जातो. केबीची मर्यादा असेल तर जेपीजी एक्सपोर्टच्या खिडकीत पूर्वदृश्य चालू करा. फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. क्वालिटी ८५ पासून खाली या. ६० च्या खाली चेहऱ्यावर चौकटी दिसू लागतात, त्यापेक्षा पिक्सेल कमी करणं बरं.

लहान फोटो मोठा करायला अपस्केल हे मुक्तस्रोत ॲप आहे. ते नसलेला तपशील अंदाजाने रचतं. भिंतीवरच्या चित्राला ठीक, पण ओळखपत्राच्या फोटोला किंवा कागदपत्राला अजिबात वापरू नका.

फोनवर पाठवलेला फोटो फिका दिसतो याचं कारण बहुतेक वेळा रंगांची प्रोफाइल असते, म्हणजे फायलीतले आकडे कोणत्या रंगाचे ते सांगणारी नोंद. फाइल ॲडोबी आरजीबीमध्ये असेल आणि पाहणाऱ्याचं ॲप प्रोफाइल वाचत नसेल तर रंग मेल्यासारखे दिसतात. एक्सपोर्ट करण्याआधी इमेज > कलर मॅनेजमेंट > कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइलमध्ये एसआरजीबी (फोन आणि वेबची नेहमीची प्रोफाइल) निवडा. शेजारचं ‘असाइन’ नव्हे. त्याने आकडे तसेच राहतात आणि रंग बदलतात.

शंभर फोटो एकदम लहान करायचे असतील तर एक्सएनकन्व्हर्ट घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. लांब बाजू १६०० पिक्सेल, क्वालिटी ८५, आणि निकालाचं फोल्डर वेगळं. मूळ फोल्डर निवडलंत तर मूळ फोटो गेले.

रॉ फायली

रॉथेरपी नवख्याला सोपं, कारण त्यातला ‘ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह’ कॅमेऱ्याच्या जेपीजीसारखं रूप आपोआप आणतो. तिथून पुढे हवं ते बदला. डार्कटेबल अधिक ताकदवान आणि अधिक हट्टी. फोटो सुरुवातीला मळकट दिसतो, तो बिघाड नसतो. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने मधला उजेड जागेवर आणा, मग सिग्मॉइड किंवा फिल्मिक यांतलं एकच वापरा. दोन्ही चालू ठेवली की चित्राचा चुथडा होतो. त्यानंतर लेन्स करेक्शन आणि डीनॉइज. दोन्ही सॉफ्टवेअरं मूळ फाइलला हात लावत नाहीत, बदल शेजारच्या छोट्या फायलीत लिहितात: डार्कटेबल एक्सएमपी, रॉथेरपी पीपी३. फोटो दुसरीकडे हलवताना ही फाइलही बरोबर न्या. यांतलं एखादं संगणकावर असेल आणि रॉ फाइल गिंपवर टाकली, तर ती आधी त्यातच उघडते आणि मग गिंपमध्ये येते.

छपाई आणि देवनागरी

फोटोच्या प्रिंटसाठी एसआरजीबी जेपीजी चालते. ऑफसेटला सीएमवायके पीडीएफ मागितली तर सगळं काम एकट्या गिंपमध्ये ओढू नका. चित्र गिंपमध्ये, मजकूर आणि पानमांडणी स्क्रायबस किंवा ॲफिनिटीमध्ये. चित्रातच काळा मजकूर टाकून नंतर सीएमवायके केलं तर तो काळा चार शाईंचा मिळून होतो, आणि छपाईत प्लेट केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते. मजकूर फक्त काळ्या शाईचा, के १००, हवा.

नवं सॉफ्टवेअर घेतलं की ‘वऱ्हाडातल्या स्त्रियांनी सुऱ्या, ज्ञान, कार्ये’ असं काहीतरी युनिकोडमध्ये लिहून बघा. वेलांटी चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षर फुटलं किंवा ऱ्ह तुटला तर तिथे मराठी मजकुराचं काम होणार नाही. गिंप आणि इंकस्केप दोन्हींत देवनागरी नीट जुळते. इतरत्र मजकूर तुटत असेल तर तो इंकस्केपमध्ये लिहून पीएनजी किंवा एसव्हीजी म्हणून आणा. मुक्त, बालू, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फायलींचा मजकूर मात्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये अगम्य दिसेल. त्या आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात.

वर्गणी बंद करण्याआधी

घाई इथे महागात पडते. महिनाभर दोन्ही सॉफ्टवेअरं बरोबरीने चालवा आणि तेवढ्यात हे उरका:

चालू कामांच्या पीएसडी ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू ठेवून पुन्हा सेव्ह करा. त्यामुळे फायलीत सपाट प्रतही राहते आणि इतर सॉफ्टवेअरला निदान चित्र तरी नीट दाखवता येतं. जोखमीच्या फायलींची टिफ वेगळी काढा. लाइटरूममधले (ॲडोबीच्याच रॉ फोटोंच्या सॉफ्टवेअरमधले) बदल दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे जात नाहीत, म्हणून आवडत्या फोटोंची १६ बिट टिफ आणि बाकीच्यांची पूर्ण आकाराची जेपीजी एक्सपोर्ट करा. लाइटरूम क्लासिक वर्गणी संपल्यावरही उघडतं, फोटो बघता आणि एक्सपोर्ट करता येतात. डेव्हलप मॉड्यूल बंद होतं. ॲडोबी फॉन्ट्समधले फॉन्ट वर्गणीबरोबर जातात, त्यामुळे ज्या फायलीत ते वापरले आहेत तिथे आत्ताच दुसरा फॉन्ट लावा, किंवा पुन्हा न बदलणाऱ्या मजकुराचे आकार करून टाका.

शेवटी खात्यात जाऊन योजना कोणती आहे ते वाचा. ‘वार्षिक, दरमहा हप्ता’ अशी असेल तर १४ दिवसांनंतर मध्येच सोडल्यास साधारणपणे उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम आकारली जाते. ही अट ग्राहकाला ठळकपणे सांगितली जात नाही, या आरोपावरून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या पुढाकाराने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला गेला. नूतनीकरणाची तारीख पाहा, तिच्या आठवडाभर आधीचा गजर फोनवर लावा आणि त्या दिवशी वर्गणी रद्द करून आलेली ईमेल पावती जपून ठेवा.